दोन प्रतींपैकी खरी कोणती?

शाळेत महत्त्वाच्या नोंदींची दुसरी प्रत करून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. जनरल रजिस्टरला वाळवी लागली किंवा ते पावसात भिजले, तर दुसऱ्या प्रतीवरून ते पुन्हा लिहून काढता येते. पण समजा, दोन्ही प्रती शाबूत आहेत, आणि एकाच मुलीची जन्मतारीख एका प्रतीत १ जून व दुसरीत ७ जून अशी आहे. आता काय करायचे? एक प्रत हरवली असती तर आपण निमूटपणे दुसरीवर विश्वास ठेवला असता. दोन्ही हाताशी आहेत म्हणून तर अडचण! अशा वेळी तिसरा पुरावा शोधावा लागतो. जन्माचा दाखला, प्रवेशाचा मूळ अर्ज, असे काहीतरी.

माहिती हरवणे आणि माहिती बिघडणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्यावर दुसरी प्रत हे उत्तर पुरते. दुसऱ्यावर पुरत नाही. आज शाळांचे निकाल, बँकांची खाती, जमिनीचे उतारे असे सारे काही संगणकाच्या डिस्कांवर साठवले जाते, आणि तेथे प्रतींच्या आणखी प्रती ठेवणारी एकात एक बसवलेली सॉफ्टवेअर वापरली जातात. तरीही माहिती बिघडते. कधी कधी तर ती या प्रतींच्या व्यवस्थेमुळेच बिघडते. असे का होते, हे समजून घेण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ. या प्रश्नाचे तीन टप्पे पुण्यातच पाहायला मिळतात: वेदपाठशाळा, भांडारकर संस्था आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये.

पाठांतरातली तपासणी

पुण्यात १८७५ साली वेदशास्त्रोत्तेजक सभा स्थापन झाली. वेदपठणाच्या परीक्षा घेणे हे तिचे एक मुख्य काम. या परीक्षांत ज्या पाठपद्धती असतात त्या त्याहून कितीतरी जुन्या आहेत. लिखाणाचा आधार न घेता हजारो ऋचा पिढ्यान् पिढ्या जशाच्या तशा टिकवायच्या, तर चूक झालेली कळायला हवी. त्यासाठी एकच मजकूर अनेक रीतींनी म्हणायचा अशी योजना केली गेली.

ऋचेतील शब्दांना १, २, ३, ४ असे क्रमांक देऊ. पदपाठात शब्द संधी सोडवून सुटे म्हणतात. क्रमपाठात १-२, २-३, ३-४ अशा जोड्या येतात. जटापाठात प्रत्येक जोडी १-२, २-१, १-२ अशी उलटसुलट येते. घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असा एक गट होतो आणि मग हीच रचना शब्द २ पासून पुन्हा सुरू होते. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर मांडून मोजायला सांगावे. प्रत्येक गटात पहिला शब्द ५ वेळा, दुसरा ५ वेळा आणि तिसरा ३ वेळा येतो. मधला कोणताही शब्द लागोपाठच्या तीन गटांत सापडतो, म्हणून तो एकूण १३ वेळा उच्चारला जातो. एखादा शब्द गळला किंवा जागा बदलून आला तर पुढची साखळी जुळतच नाही.

याशिवाय कात्यायनाची सर्वानुक्रमणी आहे. तिच्यात ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिले आहेत. मजकुराबाहेर ठेवलेला हा हिशेब आहे. पाठ म्हणून झाला आणि ऋचा एकने कमी भरली, तर चूक कुठे आहे हे लगेच कळत नाही, पण चूक आहे हे नक्की कळते.

या व्यवस्थेची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. समजा, गुरूनेच मूळ शब्द चुकीचा शिकवला. मग शिष्य तो चुकीचा शब्द क्रमात, जटेत आणि घनात अगदी बिनचूक फिरवील. साखळी उत्तम जुळेल. तपासणी ज्या टप्प्यावर सुरू होते, त्याच्या आधी शिरलेली चूक तिला दिसत नाही. ती पकडायला दुसऱ्या परंपरेत शिकलेला पाठक किंवा अनुक्रमणीसारखा बाहेरचा हिशेब लागतो. (ही पद्धत शतकानुशतके समाजातील मोजक्या पुरुषांपुरतीच राखली गेली होती. माहिती शुद्ध राहिली, पण ती तपासू शकणारेही मोजकेच उरले.)

पोथ्यांची साक्ष

महाभारताची गोष्ट वेगळी. ते अनेक लिपींत, अनेक प्रांतांत उतरवले गेले. कोणी श्लोक घातले, कोणी गाळले, कोणी दोन पोथ्या समोर ठेवून दोन्हींतले घेतले. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले. १९२५ पासून ते डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे आले. केंब्रिजमध्ये गणित शिकून पुढे बर्लिनमध्ये संस्कृतकडे वळलेला हा माणूस. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली पद्धत सविस्तर मांडली.

पोथ्या जुळवण्यासाठी तक्ते आखले जात. वरच्या ओळीत श्लोकाची अक्षरे सुटी सुटी मांडायची आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ ठेवायची. ज्या अक्षरात फरक असेल तेवढेच त्या ओळीत भरायचे. असे श्लोकामागून श्लोक, वर्षामागून वर्षे. १९६६ मध्ये काम पुरे झाले तोवर १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या होत्या.

यात कळीचा प्रश्न असा होता: पन्नास पोथ्या एक पाठ सांगतात आणि पाच पोथ्या दुसरा, तर पन्नासांचे ऐकायचे का? सुखठणकरांचे उत्तर होते, नुसती मोजणी करून ठरवता येणार नाही. त्या पन्नास पोथ्या एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असतील तर त्यांची साक्ष एकच. आधी पोथ्यांची वंशावळ पाहायची. काश्मीरकडची शारदा लिपीतील पोथी आणि दूर दक्षिणेतील मल्याळम लिपीतील पोथी यांचा एकमेकींशी संपर्क आल्याची शक्यता फार कमी. त्या दोघींत एकच शब्द आढळला, तर तो दोघींच्याही पूर्वजाकडून आला असणार. संकर झालेल्या, म्हणजे इकडचे तिकडचे घेऊन तयार झालेल्या पोथ्या सर्वांत फसव्या. त्या पूर्ण दिसतात, पण त्यांची साक्ष स्वतंत्र नसते.

पुढे नेपाळमधून आदिपर्वाची एक जुनी पोथी हाती आली. आवृत्ती छापून झाल्यावर आलेली, म्हणून ती खरीखुरी बाहेरची साक्षीदार होती. १९३८ मध्ये सुखठणकरांनी तिच्यावर लेख लिहिला. त्यांनी तर्काने स्वीकारलेल्या पाठांना तिने मोठ्या प्रमाणावर दुजोरा दिला होता. मौखिक परंपरेत वाढलेल्या काव्याला एकच मूळ पाठ असतो का, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आणि तो विचार करण्याजोगा आहे. परंतु संपादकांनी एक सोय करून ठेवली होती. नाकारलेले पाठ त्यांनी फेकून दिले नाहीत, प्रत्येक पानाच्या तळाशी छापले. निर्णय चुकला असे कोणाला वाटले तर तो पुन्हा तपासता येतो.

निकालपत्रकाची युक्ती

आता यंत्रांकडे वळू. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे गणिती शनिवार-रविवारी रिलेवर चालणाऱ्या संगणकाला काम लावून जात. यंत्राला स्वतःची चूक झालेली कळे, पण कळली की ते ते काम सोडून पुढचे हाती घेई. सोमवारी येऊन पाहावे तर काम अर्धवट! यंत्राला चूक कळते, तर ती कोठे आहे हेही त्याला का कळू नये, या प्रश्नातून त्यांनी चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धती बसवली आणि ती १९५० मध्ये प्रसिद्ध केली.

तिचे मर्म आपल्या निकालपत्रकात आहेच. वर्गात हे करून पाहा. तीन विद्यार्थी, तीन विषय:

पहिला: मराठी ६२, गणित ४८, विज्ञान ५५, बेरीज १६५
दुसरा: मराठी ७१, गणित ६४, विज्ञान ५९, बेरीज १९४
तिसरा: मराठी ५४, गणित ७३, विज्ञान ६८, बेरीज १९५
उभ्या बेरजा: १८७, १८५, १८२; एकूण ५५४

नक्कल करताना कोणी ६४ ऐवजी ४६ लिहिले असे समजा. दुसऱ्या ओळीची आडवी बेरीज १८ ने कमी येईल, आणि गणिताची उभी बेरीजही १८ ने कमी येईल. ती ओळ आणि तो स्तंभ जेथे छेदतात तेथे चूक आहे, आणि ४६ मध्ये १८ मिळवले की मूळ गुण परत मिळतात. फक्त आडवी बेरीज असती तर चूक आहे एवढेच कळले असते. आडवी आणि उभी अशा दोन वेगळ्या दिशांनी हिशेब ठेवल्यामुळे जागाही सापडली.

पण परीक्षकानेच ६४ ऐवजी ४६ गुण कळवले आणि बेरजा त्यानंतर केल्या, तर? सगळ्या बेरजा तंतोतंत जुळतील. चुकीच्या शब्दाचा शुद्ध घनपाठ झाला, तसेच हे.

स्वस्त डिस्कांचा संच

१९५६ साली आयबीएमने आणलेल्या रामॅक यंत्रात पहिली हार्ड डिस्क होती. पन्नास मोठ्या तबकड्या, आणि त्यांवर मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. पुढील तीस वर्षांत मोठ्या संगणकांसाठी मोठ्या, महाग डिस्क आणि लहान संगणकांसाठी लहान, स्वस्त डिस्क अशी विभागणी झाली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध वाचला. एका महाग डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, ही त्यातली कल्पना. या रचनेला 'रेड' असे नाव पडले.

अडचण त्यांनीच मांडली होती. एक स्वस्त डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या संचात पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत बिघडेल. म्हणून संचात जादा माहिती ठेवणे भाग होते. त्याच्या दोन मुख्य रीती. पहिली म्हणजे आरसा: प्रत्येक डिस्कची हुबेहूब जुळी डिस्क. दुसरी म्हणजे बेरीज: तीन डिस्कांवर माहिती आणि चौथ्या जागी त्यांचा हिशेब, ज्याला पॅरिटी म्हणतात. प्रत्यक्षात हा हिशेब शून्य आणि एक यांचा असतो, पण आपण साधी बेरीजच घेऊ. तीन डिस्कांवर ६२, ४८ आणि ५५ आहेत, चौथीवर १६५. दुसरी डिस्क जळाली तर १६५ मधून ६२ आणि ५५ वजा करायचे, ४८ परत मिळतात.

येथे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. बिघडलेली डिस्क 'मी बिघडले' असे सांगते, किंवा गप्प होते. ती चालू राहून ४८ च्या जागी ८४ सांगू लागली तर बेरीज जुळणार नाही हे खरे, पण चार आकड्यांपैकी खोटा कोणता हे केवळ आडव्या बेरजेवरून ठरत नाही. आरशाच्या रीतीत तर बेरीजही नसते. दोन जुळ्या डिस्क, एक म्हणते १ जून, दुसरी म्हणते ७ जून.

संचात संच

सुरुवातीला ही कामे खास इलेक्ट्रॉनिक पट्टीवर होत. मग ती सॉफ्टवेअरने होऊ लागली. व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचे व्हॉल्यूम मॅनेजर हे त्यातील एक नावाजलेले सॉफ्टवेअर. १९९० च्या दशकात या कंपनीचे विकास केंद्र पुण्यात होते, आणि डिस्कांवरील साठवणीच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे अनेक अभियंते पुण्यात तयार झाले. ही कंपनी २००५ मध्ये सिमँटेकमध्ये विलीन झाली आणि २०१६ मध्ये पुन्हा वेगळी झाली. दरम्यान लिनक्स या मुक्त प्रणालीतही अशीच सोय आली आणि कोणालाही घरच्या संगणकावर डिस्कांचा संच उभा करता येऊ लागला.

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग. खाली खरी डिस्क आहे की डिस्कांचा संच, हे त्याला कळत नाही. म्हणून संचांचाच संच करता येतो. अशा रचनेत क्रमाला किती महत्त्व असते ते पाहा. आठ डिस्क आहेत. पहिल्या रचनेत चार-चार डिस्कांच्या दोन रांगा करू. प्रत्येक रांगेत माहिती चार डिस्कांवर वाटलेली असते आणि दुसरी रांग पहिलीचा आरसा असते. दुसऱ्या रचनेत आधी दोन-दोन डिस्कांच्या चार जुळ्या जोड्या करू आणि मग माहिती त्या जोड्यांवर वाटू. डिस्क तितक्याच, प्रतीही तितक्याच. एक डिस्क गेली तर दोन्ही रचना टिकतात. आता दुसरी डिस्क गेली तर? पहिल्या रचनेत एक डिस्क गेली की साधे सॉफ्टवेअर ती सबंध रांग बाद धरते. मग उरलेल्या सातांपैकी दुसऱ्या रांगेतील चारांपैकी कोणतीही गेली की सर्व संपले. शक्यता ४/७. दुसऱ्या रचनेत सातांपैकी फक्त एकच डिस्क, गेलेल्या डिस्कची जुळी, घातक ठरते. शक्यता १/७. अकरावीच्या विद्यार्थ्यांना संभाव्यतेचे हे चांगले उदाहरण आहे.

हा झाला माहिती हरवण्याचा हिशेब, आणि त्यात एकात एक बसवलेले संच खरोखर उपयोगी पडतात. माहिती बिघडण्याचा हिशेब निराळा आहे.

बिघाड कोठून शिरतो?

पहिली वाट वीज जाण्याची. डिस्कांवर ६२, ४८, ५५ आणि बेरीज १६५ आहे. आपण ४८ बदलून ५० करायला सांगितले. सॉफ्टवेअरला दोन जागी लिहायचे आहे: ५० आणि नवी बेरीज १६७. पन्नास लिहून झाले आणि वीज गेली. वीज परत आल्यावर संचात ६२, ५०, ५५ आणि जुनी बेरीज १६५ उरली. कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण रोजच्या वाचनात बेरीज पाहतच नाहीत. सहा महिन्यांनी पहिली डिस्क जळाली. सॉफ्टवेअरने हिशेब केला: १६५ वजा ५० वजा ५५, म्हणजे ६०. पण तेथे ६२ होते! गंमत अशी, की ज्या आकड्याला कोणी हातही लावला नव्हता तोच बिघडला. तोही 'दुरुस्ती'च्या वेळी.

आता हा संच दुसऱ्या संचाच्या पोटात आहे असे समजा. वरच्या थरात अशा दोन संचांचा आरसा आहे. खालच्या एका संचाने ६० हा आकडा 'दुरुस्त करून' वर पाठवला. तो हिशेबाने काढलेला आहे, शंकास्पद आहे, ही गोष्ट वरच्या थराला कळत नाही. त्याच्या दृष्टीने ती एका निरोगी डिस्कने दिलेली माहिती. दुसऱ्या संचात ६२ आहे. आता वाचन कधी इकडून होईल, कधी तिकडून. लिनक्समध्ये अशा विसंगती मोजण्याची आज्ञा आहे. दुरुस्तीचीही आहे, पण आरशाच्या संचात ती खरे-खोटे करत नाही. एक प्रत घेते आणि दुसरीवर उतरवते. चुकीची प्रत घेतली गेली तर बरोबर असलेली पुसली जाते, आणि मग दोन्ही प्रती एकमताने खोटे सांगतात.

दुसरी वाट निरोप न पोचण्याची. वरचे सॉफ्टवेअर म्हणते, 'हे आधी डिस्कवर पक्के लिही, मगच पुढचे लिही.' हा निरोप प्रत्येक थराने खालच्या थराला द्यायला हवा. लिनक्समधील संच आणि व्हॉल्यूम यांचे कित्येक प्रकार २००९-१० पर्यंत हा निरोप खाली देतच नव्हते. एका डिस्कवर सुरक्षित असलेली रचना त्यामुळे थरांवर बसवली की वीज जाताच असुरक्षित होई. तक्रार करायला जागा नव्हती. प्रत्येक थर आपापले काम बरोबरच करत होता.

तिसरी वाट नकाशाची. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्कांवर किंवा संचांवर माहिती वाटताना कोणता तुकडा कोठे ठेवायचा याचा नियम ठरलेला असतो. २०१४ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत हा नियम नकळत बदलला गेला. जुन्या आवृत्तीने लिहिलेला असा संच नव्या आवृत्तीने चालवला, तर काही भागातील तुकडे भलत्याच जागी वाचले जात आणि लिहिलेही जात. हे लक्षात आले २०१९ मध्ये. त्या वर्षीच्या ५.४ आवृत्तीपासून कोणता नियम लावायचा हे स्पष्ट सांगितल्याशिवाय असा संच सुरूच होत नाही. या साऱ्यात एकही डिस्क बिघडली नव्हती. समजा खालच्या थरात प्रत्येक तुकड्याच्या दोन-दोन प्रती होत्या. भलत्या जागी लिहिलेल्या तुकड्याच्याही त्यांनी दोन प्रती इमानाने जपल्या असत्या.

तिन्ही वाटांचा सारांश एकच. खालचा थर वरच्या थराच्या चुका ओळखू शकत नाही, तो त्या सांभाळतो. वरचा थर खालच्याची शंका ऐकू शकत नाही, तो उत्तर खरे मानतो. थर वाढवल्याने प्रती वाढतात, साक्षीदार वाढत नाहीत. एकाच पोथीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्यांसारखेच हे आहे.

हिशेब माहितीपासून दूर ठेवा

हे प्रत्यक्षात किती घडते? २००८ मध्ये लक्ष्मी बैरवसुंदरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५.३ लाख डिस्कांचा ४१ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माहिती आणि तिच्यासोबत ठेवलेला पडताळ्याचा आकडा जुळत नाही, अशा ४ लाखांहून अधिक घटना त्यात आढळल्या. डिस्क चालू होत्या, तक्रार करत नव्हत्या, पण सांगत होत्या ते चुकीचे.

पडताळ्याचा हा आकडा, चेकसम, म्हणजे मजकुरावरून हिशेबाने काढलेली एक लहानशी खूण. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ती बदलते. पण ही खूण ठेवायची कोठे? मजकुराशेजारी ठेवली आणि सबंध तुकडाच भलत्या जागी लिहिला गेला, तर मजकूर आणि खूण दोन्ही एकमेकांशी जुळतात आणि दोन्ही चूक असतात. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या झेडएफएस या पद्धतीत ही खूण मजकुराजवळ नसते. त्या मजकुराकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या कप्प्यात असते. त्या वरच्या कप्प्याची खूण त्याच्याही वरच्या कप्प्यात, असे शेवटपर्यंत. शिवाय प्रती ठेवणारे आणि खुणा तपासणारे सॉफ्टवेअर एकच असते. त्यामुळे दोन प्रतींत फरक आढळला तर खुणेशी जुळणारी प्रत खरी ठरते आणि तिच्यावरून दुसरी सुधारता येते. सर्वानुक्रमणीतील ऋचांची संख्या मजकुराबाहेर होती, याची येथे आठवण होते.

तरीही हिशेब करण्यापूर्वीच शिरलेली चूक राहतेच. शिक्षकाने निकाल भरतानाच ४६ लिहिले तर जगातील कोणतीही डिस्क ते ६४ करणार नाही. तेथे उत्तरपत्रिकाच काढून पाहावी लागते.

शाळेसाठी काय?

पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्याने नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती अशा पाण्यापुढे एकच असतात. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला केला, तेव्हा शतकानुशतके टिकलेल्या पोथ्यांचीही काही तासांत हानी झाली. त्याच संस्थेतील ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांची युनेस्कोने २००७ मध्ये 'जगाची स्मृती' या यादीत नोंद केली. पोथ्यांच्या डिजिटल प्रती करण्याचे कामही संस्थेने हाती घेतले. म्हणजे ज्या पोथ्यांवर सुखठणकरांनी साक्ष पारखण्याची पद्धत बसवली, त्यांच्या प्रती आता डिस्कांवर राहणार आहेत, आणि त्या डिस्कांनाही तीच पारख लागू आहे.

शाळेतील संगणकावर वर्षानुवर्षांचे निकाल असतील तर तीन गोष्टी करता येतील. एक प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या प्रकारच्या साधनावर ठेवावी आणि ती पहिल्या प्रतीबरोबर आपोआप बदलत नाही याची खात्री करावी. आपोआप बदलणारी प्रत चूकही आपोआप उतरवून घेते. दुसरे, प्रत केल्यावर प्रत्येक वर्गाची विद्यार्थिसंख्या आणि गुणांच्या एकूण बेरजा छापील कागदावर लिहून ठेवाव्यात. हा कागद म्हणजे आपली अनुक्रमणी. तिसरे, वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बेरजा त्या कागदाशी ताडून पाहाव्यात. हे काम नववीचे विद्यार्थीही करू शकतील. ताडताना कोठे फरक आढळला, तर कोणतीही प्रत घाईने पुसू नये. दोन्ही बाजूला ठेवून मूळ कागद काढावा.